वेंगुर्ल्याची वखार आणि हार्लेमचा नदीकाठ

जे वेंगुर्ले बंदर १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते, तेथे विजापूरच्या आदिलशाही दरबाराच्या परवानगीने डचांनी १६३७ साली वखार घातली, तेव्हा त्यांच्या मायदेशी हार्लेमचे चित्रकार, देवदेवता व पुराणकथा बाजूस सारून, घरानजीकचा साधासुधा नदीकाठ ताम्रपत्रावर उमटविण्यात दोन तपे रमलेले होते. क्लास यान्स फिस्सर याची हार्लेमच्या परिसरातील रम्य स्थळांची मालिका, सुमारे १६११-१२ मधली, ही या परंपरेची नांदी होय. मेणाचा थर दिलेल्या पत्र्यावर सुईने रेघ ओढावी, उघडे पडलेले तांबे अम्लाला खाऊ द्यावे, खाचांत शाई भरावी आणि ओलसर कागद पत्र्यावर घालून दाबयंत्रातून काढावा, एवढीच कृती. परंतु पाण्यासाठी मोजक्या आडव्या रेघा ओढून उरलेला कोरा कागदच प्रवाह म्हणून सोडून देण्याचा जो संयम या ठशांत दिसतो, तोच मला त्यांचे खरे वैभव वाटतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत, होड्या निश्चल असताना, काजळी नदीचे पाणी असेच रेघांवाचून पसरलेले असते. वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंती अद्यापि उभ्या आहेत.