तळेगावचे समर्थ विद्यालय

मुंबईहून घाट चढून आलेली आगगाडी खंडाळा आणि लोणावळा मागे टाकून इंद्रायणीच्या खोऱ्यातून पुण्याकडे निघाली म्हणजे मावळच्या पूर्व भागात तळेगाव दाभाडे लागते. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या घराण्याच्या सरंजामामुळे इतिहासाला ठाऊक असलेल्या या गावात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन नव्या संस्था उभ्या राहिल्या. एक म्हणजे प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा अशा अंताजी दामोदर काळे यांच्या योजनेतून 1908 साली निघालेला पैसा फंडाचा काच कारखाना. जपान-अमेरिकेत ही विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे देशी कारागीर तयार केले. दुसरी संस्था म्हणजे समर्थ विद्यालय. कारखान्याला सरकारने चालू दिले. विद्यालय मात्र 1910 साली बंद पाडले. भट्टीपेक्षा शाळेचे भय राज्यकर्त्यांना अधिक का वाटावे, हा प्रश्न मला या संस्थेच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

विद्यालयाचे संस्थापक विष्णु गोविंद विजापूरकर (1863–1926) हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवून मराठीत शास्त्रीय व ऐतिहासिक वाङ्मय आणण्यासाठी त्यांनी आपले आयुष्य झिजविले होते. ज्ञान परभाषेतून उसने घेण्याची सवय लागलेला समाज स्वतंत्र विचार करीत नाही, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. कोल्हापुरात 1906 च्या सुमारास आरंभिलेली आणि पुढे तळेगावी आलेली ही शाळा त्या श्रद्धेचेच मूर्त रूप होय. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक इंग्रजीतून द्यावी लागे त्या काळी येथे विषय मराठीतून शिकविण्याचा आग्रह होता. पुस्तकी विद्येच्या जोडीला उद्योगशिक्षण होते, धर्मशिक्षण होते आणि शरीर कमावण्यावर कटाक्ष होता. सरकारी अनुदान नको, सरकारी मान्यताही नको, हा बाणा असल्याने येथून बाहेर पडणाऱ्या मुलाला सरकारी नोकरीची वाट जवळजवळ बंदच होती. ज्या बापाने कारकुनीची भाकर बाजूस सारून आपला मुलगा अशा शाळेत धाडला, त्याच्या त्यागाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. परंतु विद्यालयाचा खरा पाया तोच होता असे मी मानतो.

1906 च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांच्या पंक्तीत राष्ट्रीय शिक्षणाला बसविले, आणि लोकमान्य टिळकांचे बळ या चळवळीमागे उभे राहिले. सरकारही स्वस्थ बसले नव्हते. विद्यार्थी राजकारणात शिरतील तर शाळांचे अनुदान व शिष्यवृत्त्या जातील, असा कार्लाइल यांचा हुकूम बंगालमध्ये 1905 सालीच सुटला होता. 1907 साली रिस्ले यांच्या परिपत्रकाने तेच धोरण हिंदुस्थानभर लागू झाले. ज्या शाळेने अनुदानच घेतले नाही तिला अनुदान काढून घेण्याचा धाक कसा घालणार? म्हणून तिथे फौजदारी कायद्याचा मार्ग धरावा लागला.

निमित्त लवकरच मिळाले. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख 1908 साली आला. वेदमंत्रांच्या विवेचनात राजद्रोह सापडला, आणि विजापूरकर व संपादक वामन मल्हार जोशी यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. टिळकांना त्याच वर्षी मंडालेची शिक्षा झाली होती. आचार्य तुरुंगात असताही विद्यालय चालू राहिले. परंतु 1909 च्या डिसेंबरात नाशिकला तेथील कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, दडपशाहीने उग्र रूप धारण केले, आणि वर्ष उलटताच विद्यालयाची दारे लागली.

पुढील काळात जगाने याहून भयंकर प्रकार पाहिला. इटलीत 1926 साली ‘बालिला’ संघटना निघाली. जर्मनीत 1936 च्या कायद्याने सर्व तरुण हिटलरच्या युवक संघटनेच्या कक्षेत आणले गेले. त्याच वर्षी सालाझारच्या पोर्तुगालने, म्हणजे ज्याच्या अमलाखाली आपला गोवा 1961 पर्यंत होता त्या राजवटीने, ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ स्थापन केली. या सर्वंकष सत्तांनी शाळांना कुलपे घालण्यापेक्षा त्या आपल्याच करून टाकल्या. मुलाचा गणवेश, गाणे, खेळ, सुटीचा दिवससुद्धा राज्याचा झाला. ब्रिटिश अंमल निरंकुश होता, पण सर्वंकष नव्हता. त्याने शाळा बंद केली, तरी मुलाचे मन स्वतःच्या साच्यात ओतण्याइतकी त्याची पोच नव्हती. हा भेद ध्यानात ठेवल्यावाचून तळेगावची तुलना बर्लिनशी करणे अन्यायाचे होईल.

तथापि एक अवघड प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. धर्मशिक्षण, व्यायाम, देशासाठी जगण्याची शिकवण ही सारी सामग्री त्या युवक संघटनांतही होतीच. मग समर्थ विद्यालयाला वेगळे कशावरून मानायचे? माझे उत्तर असे की तेथे कोणी सक्तीने आलेला नव्हता. घातलेला मुलगा उद्या काढून नेण्याची मुभा पालकाला होती, आणि शाळा लोकांच्या देणगीवर जगत असल्याने लोकांना उत्तर देण्यास बांधलेली होती. शिवाय तेथे शिक्षक कसे होते ते पाहावे. कोल्हापूरच्या दिवसांत वामन मल्हार जोशी या विद्यालयात शिकवीत होते, आणि पुढे आपल्या ‘रागिणी’ या कादंबरीत परस्परविरुद्ध मतांच्या माणसांना त्यांनी ज्या समतोलाने बोलू दिले, तो समतोल कवाईतीच्या मैदानावर उपजणारा नव्हे. ज्या शाळेत असा माणूस शिकवू शकतो, तिथे मुलालाही शंका विचारण्यास जागा असली पाहिजे.

राष्ट्रीय शाळेला सरकारने कुलूप घालण्याचा हा धागा मावळच्याच दुसऱ्या एका संस्थेच्या पूर्वेतिहासातही सापडतो. स्वामी कुवलयानंद अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. राष्ट्रीय वृत्तीपायी सरकारने ते 1920 च्या सुमारास बंद पाडल्यावर त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला.

विजापूरकरांनी तुरुंगातून सुटल्यावर हार मानली नाही. काही वर्षांनी त्यांनी तळेगावीच ‘नवीन समर्थ विद्यालय’ उभे केले. नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाच्या छत्राखाली ते आजही चालू आहे, आणि उद्योगशिक्षण हवे म्हणून ज्यांनी सरकारचा रोष पत्करला त्यांच्या त्याच मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आता तळेगावात आहे.