शंभर गुण दाराबाहेरच

महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज आला की त्याची छाननी 100 गुणांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत कमाल गुण ठरलेले आहेत. पदवी 21, पदव्युत्तर 25, पीएच.डी. 25, जेआरएफसह नेट 10, अनुभव 10, शोधनिबंध 6, पुरस्कार 3. नुसत्या नेटला 8, सेटला 5.

बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली किंवा मेहकरला तासिका तत्त्वावर शिकवणारा एक उमेदवार कल्पून बघा. पदवीला 62 टक्के म्हणजे 19 गुण, एम.ए.ला 65 टक्के म्हणजे 23, सेटचे 5, पाच वर्षांच्या अनुभवाचे 10. बेरीज 57. दुसऱ्याचे टक्के तेवढेच, शिवाय नेट आणि पीएच.डी.; वर्गावर मात्र तो कधी उभा राहिलेला नाही. त्याचे 75. दोघांनाही कॉल आला, की हा 18 गुणांचा फरक दाराबाहेर राहतो. कारण हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत. निवड केवळ मुलाखतीवर, असं नियमावलीच सांगते. शिकवून तयार झालेल्या माणसाला यात संधी मिळते, हे खरंच. पण मग सगळा भार त्या काही मिनिटांवर पडतो.

ती मिनिटं किती? एक जुना दाखला घ्या. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी 150 पैकी 50 गुण तोंडी परीक्षेला होते आणि ती दोन-तीन मिनिटांत उरकली जाई. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये 15 टक्क्यांहून अधिक वाटा मनमानी ठरवला, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. तो मामला प्रवेशाचा होता. नोकरीत, प्रौढ उमेदवारांसाठी मुलाखतीला जास्त वजन चालेल, हेही याच न्यायालयाने 1981 मध्ये लीलाधर खटल्यात मान्य केलं. सहायक प्राध्यापकांच्या या नियमावलीत मात्र ते वजन पूर्ण शंभर टक्के आहे.

बुलडाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न. निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे 2 प्रतिनिधी आणि बाहेरचे 2 विषयतज्ज्ञ असतात. कागदावर 7 पैकी 4 जण बाहेरचे. पण ते सकाळी येतात, संध्याकाळी गाडी पकडतात, अध्यक्षपद संस्थेकडेच.

मुलाखत कशी घेतली यावर किती अवलंबून असतं? संशोधक सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या अभ्यासात, सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध 0.42 निघाला, मोकळ्या गप्पांचा 0.19. निम्म्याहूनही कमी. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी आपले गुण लिहून सही करायची, एवढ्यानेही बरंच साधतं. याला सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

उमेदवाराकडून वर्गात व्याख्यान घेऊन पाहण्याची मुभा नियमावलीत आहेच. समजा, व्याख्यानाला 10 मिनिटं दिली, प्रश्नांना 10. एका जागेसाठी 25 जणांना बोलावलं तर 500 मिनिटं, म्हणजे 8 तास 20 मिनिटं, तेही जेवणाची सुट्टी न धरता. तेव्हा एकतर तज्ज्ञांचा मुक्काम दोन दिवसांचा करा, नाहीतर कॉल 15 जणांनाच पाठवा.