झोपेला जिद्द कळत नाही

गणपतीला कोकणात निघालेला मुंबईचा चाकरमानी बहुधा दिवसभराची ड्युटी उरकून रात्रीच गाडी काढतो. रात्री ऊन नाही, रस्ता त्यातल्या त्यात मोकळा आणि दारूचा थेंबही घेतलेला नाही, मग धोका कसला, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चुकतो तो जागरणाच्या तासांपाशी. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला 17 तास जागा असतो. एवढ्या जागरणाने हात आणि नजर यांचा मेळ साधारण किती बिघडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये मांडलं: 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्यार्क असताना बिघडतो तितका. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दारूला न शिवलेला माणूसही दारू प्यायल्यासारखी गाडी चालवत असू शकतो, आणि पोलिसांच्या फुंकायच्या यंत्रात त्याचा मागमूस लागत नाही. त्यात रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढत असतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही तशीच, थोडी सौम्य ओढ असते. तिचा दोष आपण जड जेवणाला देतो, पण उपाशी माणसालाही ती जाणवते.

‘झोप आली की मला कळतं, तेव्हा थांबेन’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. पेंग येते आहे हे कळतं, ही गोष्ट खरी. पण डोळा नेमका कोणत्या क्षणी लागेल, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण ज्या मेंदूने हा अंदाज बांधायचा तोच पेंगत असतो. काही सेकंदांची डुलकी तर येऊन गेल्याचंही पुष्कळदा लक्षात येत नाही. ताशी 120 किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे 130 मीटर पुढे जाते आणि तेवढ्या अंतरात ब्रेकवर पाय पडत नाही. म्हणून हे अपघात भीषण होतात. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, गाडी लेनबाहेर सरकणं, वळण किंवा पाटी चुकणं, या खुणा दिसल्या की थांबायची वेळ होऊन गेलेली असते.

मग काचा खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं हे उपाय सुरू होतात. गार वारा आणि रेडिओ यांची ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चाचणी झाली, तेव्हा त्यांचा परिणाम अल्प आणि अल्पजीवी ठरला. कारण सरळ आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचत जातं, त्याचा दाब म्हणजे झोप, आणि तो झोपेनेच उतरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा काही काळ अडवून धरतं, साचलेलं कमी करत नाही. शिवाय त्याला चढायला साधारण अर्धा तास लागतो. टपरीवर कटिंग मारून लगेच गिअर टाकणारा ड्रायव्हर तो अर्धा तास झोपेतच चालवतो. त्यापेक्षा चहा किंवा कॉफी घ्यावी, गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत आणि उठल्यावर अंगातली सुस्ती गेली की निघावं. डुलकी आणि कॅफिन अशी एकमेकांना हात देतात. अर्थात हेही तात्पुरतंच, रात्रभराच्या झोपेची बरोबरी त्याला नाही.

यावर हमखास उत्तर येतं: ‘आमची सवय आहे, वीस वर्षं रात्रीच गाडी चालवतोय.’ सवयीने हात सफाईदार होतो, रस्ता पाठ होतो, पण झोपेची गरज कमी होत नाही. उलट 701 किलोमीटरच्या समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर हाताला काम उरत नाही आणि साचलेली झोप वर येते. सर्दीच्या काही गोळ्या तिच्यात भरच घालतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माल वेळेत पोचवायचा असतो, थांबलं तर मालक पैसे कापतो. हे खोटं नाही, म्हणून नुसता ड्रायव्हरला उपदेश करून भागत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 पासून 2025 पर्यंत लागू होता. त्याने साधारणपणे दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. ज्या फेरीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास बसत नाही, ती फेरी आखणाराही अपघाताला जबाबदार धरायला हवा. खासगी गाडीवाल्याचा मालक मात्र तो स्वतःच. त्याने आदल्या रात्रीची झोप, दुसरा चालवणारा आणि थांबायचं ठिकाण निघण्याआधीच ठरवावं. हा निर्णय पहाटे तीनला, पेंगत्या डोळ्यांवर सोडायचा नसतो.