दाबावर ताबा हवा



या पानावर मी एरवी बेणे, खते, खोडवा यांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे.

मागच्या हंगामात फडावर फिरताना तोडणी टोळीच्या एका खोपीत डोकावलो. पाचटाचे छप्पर, कोपऱ्यात मूल निजलेले, आणि शेगडीजवळ ५ किलोचे गॅस सिलिंडर आडवे पडलेले. नळीला भेग गेली म्हणून वर चिंधी गुंडाळलेली! वास येतच होता. शेजारी विडी ओढणाऱ्याला आधी लांब घालवले, रेग्युलेटर बंद केला, मुलाला आणि सिलिंडरला उघड्यावर आणले. त्या दिवशी निभावले. रोज निभावेलच असे नाही.

सिलिंडरात गॅस दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. आपल्या हवामानात आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते ७ किलो असतो; शेगडीला लागतो जेमतेम ३० ग्रॅम. मधला सारा फरक रेग्युलेटर सांभाळतो. त्याच्या पोटात रबरी पडदा व स्प्रिंग असते. पुढचा दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि गॅसची वाट अरुंद होते. मोटारीचे पाणी पूर्ण दाबाने ठिबकच्या नळ्यांत सोडले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे नळ्या जातात, इथे माणूस जातो.

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो, आणि खोपीत माणसे जमिनीवरच झोपतात.

देशभरच्या सिलिंडरांचे नियम पाहणारे ‘पेसो’चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १८९८ साली सुरू झालेले स्फोटक खाते ते हेच. ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ची अंमलबजावणी तेच बघते. पण नागपूरचे साहेब रोज फडात येऊन नळी तपासणार नाहीत. ते काम आपले. एवढे पाळा :

१) सिलिंडर नेहमी उभे ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच असू द्या.

२) रेग्युलेटर व नळी आयएसआय खुणेचीच घ्या. रेग्युलेटर खोलून दुरुस्त करू नका, बदला. झोपण्यापूर्वी तो बंद करा.

३) गळती साबणाच्या फेसाने बघा. काडी ओढून कधीच नाही!

४) वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दारे उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन लावा.

५) मोठ्या सिलिंडरातून लहानात गॅस भरू-भरवू नका.

६) पट्टीवरची तपासणीची मुदत वाचा. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा.

ट्रॉली वेल्डिंगला नेता, तिथेही जपा. भरलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यात दाब १५० किलोच्या आसपास असतो. त्याच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागले तर ते पेट घेऊ शकते. आपले हात तर सदा ग्रीसचे! तेव्हा हात लावूच नका.

यंदा टोळी उतरली की आपल्या बांधावरच्या खोप्या स्वतः बघून घ्या. नळी खराब असेल तर नवी आणून द्या, आणि तो खर्च उचलीत धरू नका. आपला ऊस तोडायला आलेली लेकरे सुखरूप घरी परतली पाहिजेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी