बोली आणि गुण

बीडच्या सचिन धस यानें ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं, १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत ९६ धावा काढल्या. अशा गुणी मुलांच्या घरीं प्रश्न उठतो: आयपीएलच्या लिलावांत ह्यास बोली लागेल काय?

परंतु लिलाव ही गुणांची परीक्षा नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरांतील लिलावांत प्रत्येक संघास १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. राखलेल्या जुन्या खेळाडूंचें मोलही त्यांतूनच वजा. लखनौनें एकट्या ऋषभ पंतासाठीं २७ कोटी मोजले. २०२५ सालीं तो संघ सातवा आला.

जाणती गृहिणी बाजारास निघण्यापूर्वीं घरांत काय उणें तें पाहते. संघचालकासही तेंच करावें लागतें. तेव्हां बोली न लागल्यास मुलाचा गुण उणा ठरत नाहीं. त्या दिवशीं ती जागा रिकामी नव्हती, इतकेंच समजावें.