मूळव्याध: कापण्याआधी पुष्कळ उपाय असतात

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सगळ्या उठल्या, पण एक ताई सतरंजी गुंडाळत मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "शौचाला रक्त जातंय. चार महिने झाले. दाखवलं तर ऑपरेशन करतील ना?" त्या भीतीपायी ती गप्प होती. गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. दिवसभर पाणी पीत नाही, कारण तिथल्या संडासाला कडी नाही.

आपल्या गुदद्वाराच्या आत शिरांच्या मऊ गाद्या असतात. शौच कडक झालं, कुंथावं लागलं की त्या फुगतात, खाली सरकतात. गरोदरपणात तर पुष्कळ जणींना हा त्रास होतो. सुरुवातीला दाखवलं तर बहुतेकींना कापाकापी लागत नाही.

पहिलं औषध ताटात आहे. दोन्ही वेळा भात आणि तांदळाची भाकरी, त्यात चोथा कमी. एका वेळी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, सोबत वाल, पालेभाजी, पेरू घ्या. रात्री इसबगोल घेतलात तर मोठा पेलाभर पाण्यातून घ्या, नाहीतर ते उलट आत अडकतं. फरक पडायला महिना-दीड महिना लागतो. संडासात मोबाईल नेऊ नका (हे मी माझ्या मुलीलाही सांगते, ऐकत नाही). ठणका असेल तर कोमट पाण्याच्या घमेल्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसा. मलमाने आराम पडतो, पण दुकानातून आपल्या मनाने आणून महिनोन् महिने लावू नका. लोहाच्या गोळीने शौच कडक झालं तरी गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

एवढ्याने थांबलं नाही तर रबर बँड. चामखिळीला घोड्याचा केस बांधून ती गळून पडताना आपण पाहिलंय ना, तसंच. आतल्या कोंबाच्या मुळाशी बारीक बँड बसवतात, रक्त तुटतं आणि आठ-दहा दिवसांत कोंब गळतो. तिथे दुखण्याची जाणीव फारशी नसते, म्हणून भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येतं. बाहेरच्या कोंबाला मात्र हा बँड चालत नाही. लहान कोंब औषधाच्या इंजेक्शनने सुकवतात. बँडनंतर ताप आला, खूप दुखलं किंवा लघवी अडली तर लगेच दवाखान्यात जा. कोंब कायमचा बाहेर राहिला असेल तरच बहुधा ऑपरेशनचा विचार होतो.

आणि एस.टी. स्टँडजवळच्या 'एका इंजेक्शनात मुळापासून' असल्या पाट्यांकडे वळू नका. शिक्षण नसलेल्या माणसाने तिथे भलतं औषध टोचलं तर मांस सडतं, वाट आकसते.

रक्त दिसलं की मूळव्याधच, असंही घरी ठरवू नका. वजन उतरतंय, शौच काळं होतंय, सवय बदलली आहे किंवा वय चाळीसच्या पुढे आहे, तर आतड्याचा कॅन्सर नाही ना, हे तपासावं लागतं. पडघा, खारबाव अशा जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा भिवंडीच्या इंदिरा गांधी रुग्णालयात जा. तपासणी चार-पाच मिनिटांची असते. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर आहेत का विचारा, किंवा नर्सला जवळ उभं राहायला सांगा.

त्या ताईचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बँड लावून झालाय, लोहाची गोळी चालू आहे. कडीसाठी मुकादमाशी एकदा बोललोय. सोमवारी आम्ही तिघी पुन्हा जाणार आहोत.