वर्गमित्राच्या चेहऱ्यावर वाचलेले स्वतःचे वय

महाविद्यालयातील मित्र पंचवीस-तीस वर्षांनी भेटतो तेव्हा आधी ओळख पटते आणि मागोमाग धक्का बसतो. ‘हा किती थकलेला दिसतो!’ असे मनात येते न येते तोच लक्षात येते, की आपल्याकडे पाहून तोही हेच म्हणत असणार. व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने जुन्या वर्गांची संमेलने आता गावोगावी भरतात. त्यामुळे हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. तो येतो कशामुळे?

स्वतःचा चेहरा आपण रोज आरशात पाहतो आणि रोजचा बदल इतका सूक्ष्म असतो, की तो हिशेबातच येत नाही. मित्राचा चेहरा मात्र स्मृतीत एकविसाव्या वर्षी थांबलेला असतो. त्यातच, साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उत्तरायुष्यात इतर काळापेक्षा अधिक दाट असतात, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घराबाहेरचे पहिले बिऱ्हाड अशा गोष्टी याच काळात घडतात. डेव्हिड रुबिन आणि डॉर्थे बर्नट्सेन यांची डेन्मार्कमधील पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळिशी ओलांडलेल्यांना आपले वय प्रत्यक्षापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी वाटते, असे तीत आढळले. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ मनाने शेहेचाळिशीतच वावरत असतो. मित्र भेटला की मधली बारा वर्षे एकदम वसूल होतात!

माझ्याकडून ती अलीकडेच वसूल झाली, आणि तीही हिवरे बाजारात. मित्र नगर तालुक्यातला. १९८८ च्या सुमारास आम्ही या बाजूला आलो होतो, तेव्हा डोंगर उघडेबोडके होते. ‘तेच डोंगर पाहू,’ असे त्याने फोनवर सुचवले.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, गावातील तरुणांच्या आग्रहावरून पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेटची आवड असलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण. १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेलेल्या या गावातून माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेली होती. सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने श्रमदानाने डोंगरउतारावर सलग समपातळी चर खोदले, झाडे लावली आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, ऊस-केळी लावायची नाही, असेही ठरवले. पावसाचा आणि विहिरींतील पातळीचा ताळेबंद मांडूनच ग्रामसभा पिके ठरवते. गाव सोडून गेलेली कितीतरी कुटुंबे पुढे परतली. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

इथे स्मृतीचा खेळ उलटा होतो. आमच्या आठवणीतले गाव जख्ख म्हातारे होते. समोरचे हिरवेगार होते, आणि म्हातारे आम्ही. कधीकाळी धावत चढलेल्या टेकडीवर यंदा दोघेही तिसऱ्या वळणावर ‘देखावा पाहायला’ थांबलो. गुडघ्यांचा विषय कोणीच काढला नाही.

चहा घेताना मी त्याच्या वडिलांची चौकशी केली. वसतिगृहात दर हिवाळ्यात ते भुईमुगाच्या शेंगांची गोणी पाठवत आणि आम्ही ती दोन दिवसांत संपवत असू. ‘जाऊन सहा वर्षं झाली,’ तो म्हणाला. विरळ केस आणि जाड चष्मा यांची सवय तासाभरात झाली होती. या वाक्याची अजून झालेली नाही. माझ्या लेखी ते त्या क्षणापर्यंत जिवंत होते आणि पन्नाशीचेच होते, आजच्या माझ्याहूनही लहान.

येत्या हिवाळ्यात त्याच्या शेतावर जायचे ठरले आहे. तारीख धरताना दोघांनीही आधी डॉक्टरांच्या भेटींचे दिवस तपासले.